बालकांचे दात व आपले कर्तव्य

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनप्रसंगी वरसावे येथे केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या कार्यवाहांनी आम्हांस दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा अशी असावी की, आम्ही शिक्षणाविषयी बोलू. गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार व्हावा आणि सेवानिवृत्त शिक्षकाने त्यांना चार उपदेशाचे शब्द सांगावेत, असा प्रघातच आहे. परंतु आज आम्ही बोलणार आहोत ते दातांविषयी, आणि तेही लहान मुलांच्या दातांविषयी. विषय ऐकून मागील रांगेतील काही मंडळी हसली, ते आम्ही पाहिले. हसण्यास आमची हरकत नाही. हसताना दात दिसतात, एवढेच त्यांनी ध्यानात ठेवावे.

प्रथम दोन गोष्टींची कबुली देतो. पहिली अशी की, आम्ही डॉक्टर नाही, वैद्यही नाही. जुनी मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशात शिरलो आणि उभे आयुष्य प्राथमिक शाळेत घालविले. जे सांगणार आहोत ते जाणत्या दंतवैद्यांकडून विचारून घेतलेले व पुस्तकांतून पडताळून पाहिलेले आहे. दुसरी कबुली अशी की, आमच्या तोंडात आपणांस जी शुभ्र दंतपंक्ती दिसते, ती आमची नव्हे. ती कवळी आहे. पन्नाशी उलटली तेव्हा आमच्या मुखात स्वतःचे असे पाचसहाच दात उरले होते. आश्चर्य असे की, ‘दातांची निगा’ हा धडा आम्ही तीस वर्षांहून अधिक काळ मुलांकडून घोकून घेतला. प्रश्न विचारावा, मुलांनी एका सुरात उत्तर द्यावे, आणि मधल्या सुट्टीत त्याच मुलांनी शाळेबाहेरच्या दुकानातून रंगीत गोळ्या घ्याव्यात, हे आम्ही रोज पाहत होतो आणि त्यात विसंगती आहे असे आम्हांस कधी वाटले नाही.

ही विसंगती आमच्या ध्यानात आली ती आमच्या स्वतःच्या घरात. ती हकीकत सांगणे सुखाचे नाही. परंतु ती सांगितल्यावाचून पुढचे बोलण्याचा अधिकार आम्हांस पोहोचत नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचा नातू तेव्हा चार वर्षांचा होता. पावसाळ्यातील एका रात्री तो कळवळून रडू लागला. उजवा गाल फुगलेला, अंगात ताप. चारदोन दिवसांपासून तो एकाच बाजूने जेवत होता, हे त्याच्या आईच्या लक्षात आले होते. पण ‘दुधाचाच दात, पडेल आपोआप,’ असे म्हणून आम्हीच तिला गप्प केले होते. आजीने लवंगेचे तेल लावून पाहिले. उतार पडेना. अखेर रात्री त्याला घेऊन निघालो, तो आपल्या नाक्यावर घोडबंदरच्या रस्त्याला आणि पुलाच्या तोंडाशी अवजड वाहनांची रांग लागलेली. आपणांपैकी प्रत्येकाने ती रांग अनुभवली आहे. त्या रांगेत मांडीवर तापाने फणफणलेले लेकरू घेऊन आम्ही जो काळ बसलो, तो आम्हांस आमच्या सर्व नोकरीपेक्षा लांब वाटला.

दवाखान्यातील दंतवैद्य बाईंनी त्याचे तोंड उघडून पाहिले. सहा दात किडलेले. त्यांतील एका दाढेच्या मुळाशी पू होऊन तो गालात उतरलेला. दाताच्या दुखण्यात चेहऱ्यावर सूज आणि ताप अशी दोन्ही लक्षणे दिसली, तर एक रात्रही थांबू नये, असे त्यांनी बजावून सांगितले. मग त्यांनी विचारले, “बाळ झोपताना काय घेतो?” सूनबाई म्हणाली, “साखर घातलेलं दूध, बाटलीनं.” “दात कोण घासतं?” “त्याचा तोच घासतो.” “आणि दिवसभरात गोड काय खातो?” यावर कोणी बोलेना. कारण उत्तर आम्हांस ठाऊक होते. रोज सायंकाळी नातवाचे बोट धरून नाक्यावर जावयाचे आणि येताना चॉकलेट अथवा मलईची बिस्किटे घ्यावयाची, हा आमचाच नेम होता. निवृत्तिवेतनातला तोच आमचा आनंद होता. आम्ही ते सांगितले. बाई रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “आजोबा, लाड करायला दुसरं काही सापडलं नाही का?”

बंधूभगिनींनो, या प्रश्नाचे उत्तर शोधीत आम्ही आज आपल्यापुढे उभे आहोत.

सर्वप्रथम, ‘दुधाचे दात पडणारच आहेत, त्यांची एवढी काळजी कशाला,’ हा जो समज घरोघर आहे, त्याचा विचार करू. दुधाचे दात एकंदर २०. त्यांची जडणघडण मूल मातेच्या उदरात असतानाच सुरू होते. साधारणपणे सहाव्या महिन्याच्या सुमारास पहिला दात हिरडीबाहेर डोकावतो आणि अडीच ते तीन वर्षांपर्यंत सर्व २० दात येतात. सहाव्या वर्षापासून ते एकेक करून पडू लागतात. परंतु शेवटच्या दुधाच्या दाढा पडावयास मुलास अकरावे-बारावे वर्ष लागते. म्हणजे ज्यांना आपण चार दिवसांचे पाहुणे समजतो, ते मुलाच्या तोंडात आठनऊ वर्षे राहतात. आणि ही वर्षे मुलाच्या वाढीची असतात. दाढ दुखणारे मूल भाकरी चावीत नाही. मऊ व गोड तेवढे मागते. त्याने दात अधिक किडतात. रात्री झोप नाही, दिवसा लक्ष नाही. आमच्या वर्गात गालावर हात ठेवून बसणाऱ्या किती मुलांना आम्ही ‘लक्ष कुठे आहे?’ म्हणून दटावले असेल, त्याची आज मोजदाद करवत नाही. त्यांचे लक्ष दाढेत होते.

दुसरे असे की, प्रत्येक दुधाचा दात आपल्या खाली वाढणाऱ्या कायमच्या दाताची जागा राखीत असतो. तो अकाली काढावा लागला तर शेजारचे दात त्या जागेत कलतात आणि मागून येणारा दात वाट न मिळाल्यामुळे वेडावाकडा येतो. मुळाशी पू झाला तर खालच्या कोवळ्या दातासही इजा पोहोचू शकते. तिसरी गोष्ट आमच्या व्यवसायातील. आपल्या वर्णमालेत त, थ, द, ध, न हे वर्ण दंत्य म्हणून सांगितले आहेत. कारण त्यांचा उच्चार जिभेने दातांस स्पर्श केल्यावाचून होत नाही. बोलावयास शिकण्याच्या वयातच पुढचे दात किडून गेले, तर उच्चार बोबडे होण्याचा संभव असतो. कवळी काढून ठेवल्यावर आम्ही स्वतः ‘दत्तात्रेय’ हा शब्द कसा म्हणतो, ते आमच्या घरच्यांना विचारावे.

येथे एक धोक्याची सूचना अवश्य लक्षात ठेवावी. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे, कोणताही दात न पडता, एक नवी दाढ येते. दात पडला नाही म्हणून आईबाप तिलाही दुधाचीच दाढ समजतात आणि किडली तरी पडेल म्हणून स्वस्थ बसतात. वस्तुतः ती कायमची दाढ होय. ती गेली की पुन्हा येत नाही. प्रत्येक बाजूस वर एक व खाली एक अशा या चार दाढा असून आयुष्यभराच्या चर्वणाचा मोठा भार त्यांवरच असतो. त्यांच्या माथ्यावरील खोल खाचांत अन्न अडकते; म्हणून दाढ नुकतीच आलेली असतानाच त्या खाचा विशिष्ट लेपाने बुजवून घेण्याची सोय आता दंतवैद्यांकडे आहे. दुखत नाही, टोचत नाही. ज्यांना शक्य असेल त्यांनी याबद्दल जरूर विचारणा करावी.

आता दात किडतो म्हणजे काय होते? आपण ‘कीड लागली’ म्हणतो. त्यामुळे दातात एखादी अळी शिरते अशी कल्पना होते. आमच्या लहानपणी गावोगाव हिंडणारे लोक येत. ते धुरी देऊन दातातील किडे काढून दाखवीत आणि पैसे घेऊन पुढच्या गावी जात. ते किडे आधीच त्यांच्या हातचलाखीत दडलेले असत. दातात अळी वगैरे काही नसते. आपल्या तोंडात डोळ्यांस न दिसणारे सूक्ष्म जंतू असतात. दातांवर जो चिकट थर साचतो, त्यात ते वस्ती करतात. आपण खाल्लेली साखर त्यांना मिळाली की ते तिचे आम्ल करतात, आणि ते आम्ल दाताच्या वरच्या कठीण कवचातील क्षार विरघळविते. खाल्ल्यानंतर अर्धा तास ते तासभर हा क्षय चालतो. मग लाळ ते आम्ल धुऊन टाकते आणि गेलेले क्षार थोडेथोडे परत आणून देते.

आपणां खाजणाच्या लोकांस हे समजावयास कठीण नाही. खाडीच्या भरतीचे पाणी बांधाला रोज थडकते आणि ओहोटीच्या वेळी आपण चिखलाचे थापे लावून बांध पुन्हा धड करतो. डागडुजीस वेळ मिळाला तर बांध पिढ्यान् पिढ्या टिकतो. पण भरतीमागून भरती येत राहिली आणि ओहोटी आलीच नाही, तर एके दिवशी खांड पडते आणि खारे पाणी शेतात शिरते. दातांचेही तसेच आहे. मुलाने जेवणाबरोबर एकदाच लाडू खाल्ला, तर ती एक भरती झाली. पण सकाळी चहाबिस्कीट, दहा वाजता गोळी, दुपारी सरबत, चार वाजता पाच रुपयांचे पाकीट, सायंकाळी आजोबांचे चॉकलेट आणि रात्री बाटलीतले गोड दूध, असा क्रम लागला की लाळेला डागडुजी करावयास अवसरच राहत नाही. म्हणून साखर किती खाल्ली याच्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ती कितीदा खाल्ली याला महत्त्व आहे.

त्यातही रात्रीची बाटली सर्वांत घातक. झोपेत लाळ कमी सुटते आणि गोड दूध पुढच्या दातांभोवती रात्रभर साचून राहते. वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीलगत, प्रथम खडूसारखे पांढरे डाग दिसू लागतात. पुढे ते पिवळे, तपकिरी, काळे होतात आणि दात तुटतो. पांढऱ्या डागाच्या अवस्थेतच उपाय केला तर दात वाचू शकतो. यासाठी महिन्यातून एकदा उजेडात बसून मुलाचा वरचा ओठ हळूच उचलून पाहावा. एवढे पाहणे आम्ही केले असते, तर ती रात्र आमच्या घरात आली नसती.

हा प्रश्न केवळ आपल्या गावाचा अथवा ज्ञातीचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, जगातील ५१ कोटींहून अधिक मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत, असा अंदाज दिला आहे. याच संघटनेने २०१५ साली असे सुचविले की, वरून घातलेली साखर व तत्सम गोड पदार्थ यांतून मिळणारी उष्णता दिवसाच्या एकूण आहाराच्या दहाव्या हिश्श्याहून कमी असावी, आणि विसाव्या हिश्श्याच्या आत आणता आली तर अधिक उत्तम.

आता आपल्या जुन्या रीतींकडे वळू. दंतधावन ही काही साहेबाकडून आलेली गोष्ट नव्हे. चरकाचार्यांनी दिवसातून दोन वेळा दंतधावन करावे आणि ते करताना हिरड्यांस इजा होऊ देऊ नये, असे सांगून ठेवले आहे. सुश्रुताने बारा अंगुळे लांबीच्या काडीचे वर्णन केले असून कडू वृक्षांत निंब, तुरटांत खैर, गोडांत मोह आणि तिखटांत करंज श्रेष्ठ ठरविला आहे. आमचे आजोबा बांधावर बसून बाभळीची काडी चावीत. त्यांचे दात अखेरपर्यंत शाबूत होते. मात्र त्यांच्या ताटात साखर सणासुदीलाच पडत असे, हेही विसरू नये. त्यांच्या काडीचा गुण आपण गातो, पण त्यांच्या ताटाची आठवण ठेवीत नाही.

राखुंडी, विटेची पूड, जाडे मीठ यांनी दात घासण्याची चालही आपल्याकडे होती. आपली ज्ञाती तर आगरावर मीठ पिकविणारी. आगरावरूनच आपणांस आगरी हे नाव मिळाले. मिठाच्या कोमट पाण्याने चूळ भरल्यास सुजलेल्या हिरडीस आराम वाटतो, हे खरे. परंतु खरखरीत मीठ अथवा राखुंडी बोटाने रगडल्यास दातांचे वरचे कवच झिजते. बालकांच्या दातांचे कवच मोठ्यांपेक्षा पातळ असते. त्यांना ही रगड मुळीच सोसत नाही.

आणि आता मिश्रीविषयी. भगिनींनो, हे बोलताना आम्हांस संकोच वाटतो. पण बोलल्यावाचून राहवत नाही. तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड आपल्या कित्येक घरांत दात घासण्याच्या निमित्ताने शिरली आणि व्यसन होऊन बसली. आमची आई मिश्री लावीत असे. आम्ही सहासात वर्षांचे असताना आमची दाढ दुखली, तेव्हा तिने मायेने आपल्या डबीतली चिमूटभर मिश्री आमच्या दाढेत भरली. गुंगी आली, दुखणे थांबल्यासारखे वाटले. पुढे दुखले की आम्ही स्वतःच डबी उघडू लागलो. आमच्या कवळीची कथा त्या चिमटीपासून सुरू होते. आईचा त्यात दोष नव्हता. तिला कोणी सांगितलेच नव्हते. आता मात्र सांगितले गेले आहे. तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो, हे निर्विवाद सिद्ध झाले आहे. दात घासण्याच्या पेस्टमध्ये व पुडीत तंबाखू घालण्यास भारत सरकारने १९९२ साली बंदी केली. महाराष्ट्र सरकारने २०१२ साली गुटख्यावर बंदी आणली. कायद्याने आपले काम केले. पण घरातल्या डबीपर्यंत कायद्याचा हात पोहोचत नाही. तेथे आपलाच हात हवा. निदान लेकरांच्या दाढेत मिश्री भरणे आणि लहान मुलीला डबी आणावयास पाठविणे, एवढे तरी आजपासून थांबवावे, अशी आमची हात जोडून विनंती आहे.

मग दात घासावे कसे? दात येण्यापूर्वीच, दूध पाजून झाल्यावर स्वच्छ ओल्या मऊ फडक्याने हिरड्या पुसाव्यात. म्हणजे तोंडात बोट गेल्याची बाळास सवय होते. पहिला दात दिसला की त्याच दिवसापासून लहान, मऊ केसांचा ब्रश वापरावा. फ्लोराइड असलेली पेस्ट घ्यावी. फ्लोराइडमुळे दाताचे कवच आम्लास अधिक दाद देईनासे होते. खाण्याच्या मिठात जसे आयोडीन थोड्या प्रमाणात घालतात, तसाच हा प्रकार समजावा. परंतु अति तेथे माती. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड फार असल्यामुळे तेथील माणसांच्या दातांवर डाग पडलेले आढळतात. म्हणून प्रमाण सांभाळावे. तीन वर्षांच्या आतील मुलास तांदळाच्या एका दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलास वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. जाहिरातीत ब्रशभर पसरलेली पेस्ट दाखवितात, तिचे अनुकरण करू नये. नळीवर दशलक्ष भागांत १००० भागांच्या आसपास फ्लोराइड लिहिलेले आहे की नाही, ते वाचावे. घरात शाळेत जाणारे मूल असेल तर त्यालाच वाचावयास सांगावे. तेवढाच अभ्यास होईल.

घासण्याची सर्वांत सोपी रीत अशी: आईने अथवा आजीने भिंतीला टेकून बसावे, मुलाचे डोके मांडीवर घ्यावे, आणि वरून तोंडात पाहत ब्रश फिरवावा. हिरडी आणि दात यांच्या सांध्यावर लहान लहान वर्तुळे काढीत, बाहेरून, आतून आणि चावण्याच्या पृष्ठावरून, सावकाश दोन मिनिटे घासावे. जोराने रगडू नये. पेस्ट थुंकावयास शिकवावे. पण नंतर भांडेभर पाण्याने खळखळून चुळा भरू नयेत, नाहीतर औषध धुऊन जाते. हे दोन वेळा करावे. सकाळची वेळ एखादे दिवशी चुकली तर चुकली. रात्रीची चुकवू नये. रात्री घासल्यानंतर पाण्याशिवाय काहीही देऊ नये. तीन महिन्यांनी, अथवा केस पिंजले की त्याआधीच, ब्रश बदलावा. एकाचा ब्रश दुसऱ्याने वापरू नये. आणि आईने आपल्या तोंडातला चमचा बाळाच्या तोंडात घालू नये, कारण दात किडविणारे जंतू मोठ्यांच्या तोंडातूनच मुलांच्या तोंडात जातात. म्हणून आईबापांनी स्वतःच्या किडलेल्या दातांवरही उपचार करून घ्यावेत.

आणि हे सर्व मुलावर सोपवू नये. सातआठ वर्षांच्या आत मुलाच्या हाताला ते वळण नसते. शिक्षक म्हणून आम्ही हे खात्रीने सांगतो. ज्या हाताला अजून ‘अ’ नीट गिरविता येत नाही, त्या हाताकडून शेवटच्या दाढेची आतली बाजू स्वच्छ होईल, ही अपेक्षा व्यर्थ आहे. मुलाने आधी आपल्या हौसेने घासावे. मग मोठ्यांनी त्यावरून हात फिरवावा.

खाण्याविषयी एवढेच सांगतो. गोड अजिबात बंद करा असे आम्ही म्हणणार नाही. सणाला पुरणपोळी आणि लग्नात जिलबी असावयाचीच. पण गोड खावयाचे ते जेवणाबरोबर. मधल्या वेळी फळ, काकडी, गाजर, घरची भाकरी द्यावी. चणे-शेंगदाणे मात्र पाच वर्षांच्या आतील मुलास देऊ नयेत, घशात अडकण्याचे भय असते. बाटली सुमारे एक वर्षाच्या वयापासून सोडवून दूध पेल्याने पाजावे. बाटली एकदम सुटत नसेल, तर आधी दुधातील साखर कमी करीत जावे आणि रात्री बाटलीत केवळ पाणी द्यावे. पातळ औषधेही पुष्कळदा गोड असतात; ती पाजल्यावर पाणी पाजावे.

मुलाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा तरी दंतवैद्याला दाखवावे आणि पुढे सहा महिन्यांनी दाखवीत जावे. दुखल्यावरच गेले की मुलाच्या मनात दवाखाना म्हणजे वेदना, ही गाठ कायमची बसते. ‘ऐकलं नाहीस तर डॉक्टरकडे नेऊन दात उपटून टाकीन,’ अशी धमकी कृपा करून कोणी देऊ नये. खर्चाची चिंता रास्त आहे. पण सरकारी सोयी आहेत, त्या आपण विचारीत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्या शेजारच्या पालघर येथे झाला. तेव्हा पालघर आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. या योजनेत वैद्यकीय पथकाने अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी करावयाची असते, आणि तपासावयाच्या आजारांत दातांचे विकारही आहेत. पथक आले की आपले मूल त्या दिवशी हजर राहील असे पाहावे आणि चिठ्ठी दिली तर ती खिशात ठेवून न देता पुढे जावे. मुंबईत नायर दंत महाविद्यालय १९३३ सालापासून चालू आहे. तेथे लांबलांबून रुग्ण येतात.

अपघाताविषयी एक वाक्य. खेळताना मुलाचा कायमचा दात समूळ निखळला, तर तो मुळाला हात न लावता उचलावा, दुधात बुडवून ठेवावा आणि तासाभराच्या आत दंतवैद्याकडे पोहोचावे. तो पुन्हा बसविता येऊ शकतो. दुधाचा दात निखळला तर मात्र तो परत बसवावयाचा नसतो. पण मुलास दाखवून आणावे.

आता मंडळाच्या चालकांस तीन सूचना करतो. पहिली, आपल्या संमेलनात लहानांस वाटावयाच्या चॉकलेटऐवजी पुढील वर्षापासून प्रत्येकी एक लहान ब्रश द्यावा. हळदीकुंकवाच्या वाणातही तो चालेल. दुसरी, वर्षातून एक दिवस एखाद्या दंतवैद्यास बोलावून मुलांचे दात तपासून घ्यावेत. २० मार्च हा जागतिक मौखिक आरोग्य दिन आहे; तो त्यासाठी योग्य होईल. तिसरी, गुणवंतांच्या यादीबरोबर, ज्यांच्या मुखात एकही किडका दात नाही अशा बालकांच्या आईआजींचाही येथे सत्कार व्हावा. पहिल्या वर्षीच्या ब्रशांचा खर्च आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून देऊ. चॉकलेटचा वाचलेला पैसा आहे, कोणी संकोच मानू नये.

आमच्या नातवाचे दोन दात काढावे लागले, चार वाचले. तो आता सहा वर्षांचा आहे आणि समोरच बसला आहे. रात्री जेवणे झाली की तो स्वतः ब्रश घेऊन येतो आणि आमच्या मांडीवर डोके ठेवतो. आम्ही चष्मा लावून त्याचे दात घासतो. परवा मागच्या बाजूस एक नवी दाढ आलेली दिसली. दंतवैद्य बाईंनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस सापडले आहे. लाड करावयाची हीच ती दोन मिनिटे.